एका नमुन्यामागे एक बिट

ओशिवऱ्याच्या डबिंग स्टुडिओतून ती पेटी आली,
वर चिकटपट्टी : मधेच टक् करते.
लॉकचा हिरवा दिवा लागायचा, मिटायचा,
रात्रपाळीच्या वॉचमनच्या डोळ्यासारखा.

लॅमिंग्टन रोड, मागची गल्ली, दुसरा माळा.
हरेश्वर वैतींनी पेटी उघडलीच नाही.
चहा मागवला. म्हणाले,
आत किती तारा येतात, मोज गो.
एक.
आणि तिच्यातनं काय येतं?
मी म्हटलं, आवाज.
पहिल्या उत्तराला ते कधी मान हलवत नसत.

मग स्कोपच्या पडद्यावर दाखवलं :
घड्याळाला वेगळी तार नाही.
ठोका मजकुरातच विणून धाडलेला.
प्रत्येक बिटच्या उंबऱ्यावर पातळी उलटते, उलटलीच पाहिजे;
एक असेल तर मधे आणखी एकदा,
शून्य असेल तर मधे काहीच नाही.
तार सुलटी लाव की उलटी, हिला पर्वा नाही.
वर कोण, खाली कोण, विचारतच नाही ती.
बदललं का,
एवढंच.

चिपच्या पोटात एक दोलक,
स्वतःच्या चालीने चालणारा.
येणारा ठोका ऐकतो,
आपण पुढे गेलो की मागे राहिलो ते बघतो,
जरा सावरतो. पुन्हा ऐकतो.
किती घाई करायची, ते बाहेरचा रेझिस्टर नि कपॅसिटर ठरवतात.
उतावळा झाला तर तारेची प्रत्येक थरथर अंगावर घेईल,
जड झाला तर खरा ठोकाही हुकेल.

पण सुरुवात कुठे, ते कसं कळतं?
त्यांनी काचेवर नख टेकवलं.
तीन मात्रा, सलग गप्प.
नियमाने दोनच्या वर गप्प बसता येत नाही.
"मुद्दाम मोडलाय. मजकूर असा कधी चुकत नाही,
म्हणून ही चूक दिसली की समजायचं,
इथनं."

दोष निघाला त्या कपॅसिटरचाच, दोन रुपयांचा.
दिवा लागला तो लागलाच.
पैसे त्यांनी दोनदा मोजले.

प्रत्येक नमुन्यामागे आणखी एक बिट येतो,
आवाजात न मिसळणारा.
एकट्याला काही अर्थ नाही त्याला.
एकशे ब्याण्णव जमले की पत्रिका होते :
वेग काय, कुठल्या यंत्रातून निघाला,
नक्कल चालेल की नाही.
चिपला लागतात चार मिलिसेकंद.

मला सहा महिने लागले.
एके दिवशी : डावा कान गेलाय माझा, या बाजूने बोल.
एके दिवशी : वरळीची कंपनी बंद झाली तेव्हा
शेवटचा पगार म्हणून हा स्कोप घेतला.
एके दिवशी नुसतं, हं.
वांद्र्याचा भाऊ. सुका जवळा.
सोल्डर कधी फुंकायचं नाही.
मी काही लिहून ठेवत नव्हते.

मग एका मंगळवारी कुलूप.
चहावाल्याकडे किल्ली, आणि निरोप :
वसईला गेले, मुलीकडे. येणार नाहीत.

तार निघाली की दोलक लगेच थांबत नाही.
सैल पडत जातो, खाली खाली,
आपल्याच सर्वांत मंद चालीपर्यंत.
तीन दिवस मी तशी बसून होते,
पंखा चालू, इस्त्री थंड.

चौथ्या दिवशी कपाटातली वही काढली.
नाव नाही, गाव नाही. आकृत्याच आकृत्या.
स्टेटसच्या तक्त्यात, तिसऱ्या घरात,
जिथे शून्य म्हणजे मनाई,
लाल रिफिलने एक,
आणि त्याभोवती गोल, कागद फाटेपर्यंत.

मी नवी वही आणली, शंभर पानी.
सतराव्या पानावर त्यांचं गणित चुकलंय,
ढळढळीत, पोरही चुकणार नाही असं.
मुद्दाम की काय,
आता विचारणार कुणाला.

उतरवायला मी तिथूनच सुरुवात केली.